चाळीस नारळ आणि एक चांद्रयान

मुलांनो, आधी मला एक सांगा. चंद्रावर जाणारा प्राणी हलका हवा, म्हणून खारीची निवड केली. मग त्या खारीच्या यानात चाळीस नारळ का भरले?

हे मी हत्तीसाहेबांना विचारलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. कोल्हे सचिवांना विचारलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. उत्तर कोणी दिलं नाही. तेव्हा तुम्ही गोष्टच ऐका.

एका जंगलात एक अंतराळ खातं होतं. शेजारच्या जंगलात निघालं, म्हणून सिंहमहाराजांनी आपल्याकडेही काढलं. हत्तीसाहेब त्याचे प्रमुख. ते जन्मात कधी उडी मारू शकले नव्हते. पण उंचीबद्दल त्यांना फार आदर होता.

यान तयार झालं. त्यात बसायला माझी ताई निवडली गेली. रेशीमताई. ओल्या फांदीवरसुद्धा तिचा पाय घसरत नसे. मी तिचा धाकटा भाऊ, डिंग्या.

मग महाराज म्हणाले, "हा कार्यक्रम सगळ्यांचा आहे. सुधारणा सुचवा. कोणाचीही सूचना नाकारायची नाही. कोणी दुखावलं जाता कामा नये."

अहाहा! काय सभा झाली, मुलांनो!

मोर म्हणाला, "यान फार साधं दिसतं. पिसारा लावा." मान्य.

अस्वल म्हणालं, "चंद्र लांब आहे. त्याला पत्र लिहा, अर्ध्या वाटेवर या म्हणावं." पत्र गेलं. उत्तर आलं नाही, म्हणून स्मरणपत्रही गेलं.

बेडूक म्हणाला, "ती उलटी मोजणी बंद करा. सुरुवातीलाच उतरती कळा? एक, दोन, तीन अशी चढती मोजा." टाळ्याच टाळ्या! कुठे थांबायचं, ते मात्र कोणी विचारलं नाही.

शेवटी ताई उठली. "एक पॅराशूट असावं," ती म्हणाली.

"कशाला?"

"खाली यायला."

सभा हसून हसून लोळली. "बघा! अजून वर गेली नाही आणि हिला परतायची घाई!" पण सूचना नाकारायची नव्हती ना? मान्य झाली. फक्त ते करायचं कोणी, हे ठरलं नाही. मग ताईने कोळ्यांकडून सूत मागून आणलं आणि आम्ही दोघांनी घरीच शिवलं. अकरा दिवस लागले. माझे टाके वाकडे होते. ताईने ते उसवून पुन्हा घातले आणि मला म्हणाली, "डिंग्या, तू फक्त दोरा धर रे बाबा."

आता आमच्या जंगलाची एक रीत सांगतो. सत्कार झाला की शाल आणि नारळ सत्कारमूर्तीने स्वतःबरोबर न्यायचा. मागे ठेवला, तर देणाऱ्याचा अपमान. आणि सत्कार नेहमी आधीच करायचा. पाहुणे काय उड्डाणालाच येणार. परत यायच्या दिवशी कोण थांबतंय?

जंगलात मंडळं चाळीस. गेंड्यांचं मंडळ, माकडांचं मंडळ, वटवाघळांचं उलटं मंडळ. चाळीस सत्कार झाले. शालींच्या ढिगातून ताईचे नुसते कान दिसत होते.

"डिंग्या," ती आतून म्हणाली, "चंद्रावर नारळाचं दुकान टाकू का रे?"

मी खो खो हसलो. मग यानात चढलो आणि हसू थांबलं. मी शाळेत दोनच पावसाळे गेलो, पण खारीला वजन कळतं. फांदी कधी मोडणार ते आम्हाला पायातून समजतं.

"साहेब, हे पेलणार नाही!" मी ओरडलो.

हत्तीसाहेबांनी सोंडेने यान उचलून पाहिलं. "खरंच की. काहीतरी काढावं लागेल."

"नारळ काढा," ताई म्हणाली.

"कोणाचा काढू? गेंड्यांचा काढला तर गेंडे रागावतील. माकडांचा काढला तर माकडं झाडं हलवतील. हे पॅराशूट कोणी दिलंय?"

"कोणी नाही. आम्हीच शिवलंय."

"मग झालं! घरचंच आहे. घरच्यांनी समजून घ्यायचं असतं."

"मी रागावतो ना!" मी म्हणालो.

"तुझं मंडळ कोणतं?"

"मंडळ नाही. भाऊ आहे मी."

"अरे, भाऊ म्हणजे घरचाच," हत्तीसाहेब प्रेमाने म्हणाले, आणि पॅराशूट माझ्या हातात दिलं.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली जमलेल्या गर्दीकडे. सगळ्या खारी आल्या होत्या. पिल्लं आईच्या पाठीवर चढून तिला हात करत होती. "आता नाही म्हटलं, तर खार घाबरली म्हणतील," ती म्हणाली, आणि आत बसली.

बेडकाने मोजायला सुरुवात केली. एकशे सोळाला महाराजांना जांभई आली. लगेच बत्ती दिली.

आणि काय गेलं ते यान, मुलांनो! पिसारा फुलवून गेलं! ताडाच्या वर गेलं. घारीच्या वर गेलं. ढगाला भोक पाडून गेलं. गेंडे नाचले, वटवाघळं चुकून सरळ उभी राहिली. मीही नाचलो. खोटं कशाला बोलू? सगळ्यांपेक्षा जास्त मीच नाचलो. माझी ताई होती ती!

मग ते खाली यायला लागलं.

आधी नारळ आले. मग पिसारा आला. मग ताई आली.

चौकशी समिती नेमली गेली आणि पुन्हा सुधारणा मागवल्या गेल्या. नारळ लागून तीन पाहुण्यांना टेंगळं आली होती. म्हणून पुढच्या वेळी पाहुण्यांना हेल्मेट द्यायचं ठरलं. पिसारा थोडा घट्ट बांधायचं ठरलं. ताईचंही नाव अहवालात आहे. तिने एकही नारळ मागे ठेवला नाही, याबद्दल कौतुक केलं आहे.

तात्पर्य: मुलांनो, पॅराशूट गरजेचं आहे म्हणून कधी मागू नये. ते एखाद्या रागीट मंडळाच्या हस्ते, हार घालून, सत्कारात मिळवावं. मग ते काढायची कोणाची छाती होत नाही. देशाचं अंतराळ खातं सुधारायला एवढं पुरे आहे. मला हे उशिरा सुचलं. त्या दिवशी मी एवढंच केलं, की ताईची शेपटी दारात चेमटत होती, ती हळूच आत सारली आणि दार नीट लावून घेतलं.