प्रल्हादमामांचा सीझन

संध्याकाळी माझ्या मेडिकल दुकानातून "अबे आंधळ्या, ती मधी घुसली ते दिसंना का तुला!" अशी आरोळी आली, तरी आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात कुणी दचकत नाही. प्रल्हादमामा माझ्या मोबाईलमधल्या पंचाला झापत असतात. पंच परदेशात, त्याला मराठीचा गंध नाही, आणि शर्यत तर दुपारीच संपलेली, हे नुसतं रेकॉर्डिंग. पण मामांचं यातल्या कशानंही अडत नाही.

मामांचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. माझ्या दुकानासमोरच त्यांचं गोडाऊन. मी औषधं विकतो म्हणून ते मला डॉक्टर म्हणतात. त्यांची एकुलती एक लेक सुजाता विंडसर्फिंग खेळते, आणि त्याच्यावरच पोट भरते. लांब फळी, फळीवर उभं शीड, शिडाची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि उभ्या उभ्या समुद्रावरून सुसाट सुटायचं. सेनगाव तालुक्यातल्या पोरीला हे कुठून सुचलं? शाळेच्या सहलीत गोव्याला समुद्र पाहिला, आणि तो तिच्या डोळ्यांसमोरून हललाच नाही. मोठी झाल्यावर तिथंच पर्यटकांना शिकवायला लागली, मग स्वतः स्पर्धांत उतरली. आता या देशातून त्या देशात फिरते. सुजाता लहान असतानाच मामी गेल्या. घरात बापलेक दोघंच होते, आता एकटे मामा.

गंमत अशी की मामांचं वाऱ्याशी जुनं वैर. ऐन लग्नात मंडपाची कनात फाडणारा, वरमाईच्या अंगावर झालर पाडणारा वारा! आणि लेकीचं सगळं त्याच्याच भरवशावर. यंदाच्या सीझनची पहिली स्पर्धा तर वारा नाही म्हणून लांबतच गेली. शिडं वाळूत आडवी, खेळाडू जांभया देतायत. मामा भडकले.

"इथं बिनबोलावता येतो, माह्या कनाती फाडतो. तिथं सारं जग वाट पाहून राहिलं, तं याचा पत्ता न्हाई! मस्तवाल हाय साला."

दुसऱ्या स्पर्धेत सुजाता इशाऱ्याच्या जराशी आधी निघाली म्हणून बाद झाली. मी म्हणालो, "नियम आहे, मामा."

"कशाचा नियम? वारा आला तं निघावंच लागंल. का त्याला म्हनावं, बस जरा, चहा घे?"

पुढे कितीतरी दिवस ते स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून विचारायचे, "तुमीच सांगा, बराबर हाय का हे?" जीपवाला "न्हाई मामा, लई बेकार झालं" म्हणत हिंगोलीच्या सवाऱ्या कोंबायचा.

तिसऱ्या स्पर्धेत मात्र पोरगी तिसरी आली. गावानं सत्कार ठरवला. ती परदेशात, म्हणून सत्कार मामांचा. मंडपही मामांचाच. बॅनरवर छापून आलं, 'सुप्रसिद्ध जलतरणपटू'. मामांनी तेवढं चालवून घेतलं. मग प्रमुख पाहुणे उठले आणि म्हणाले, "आपल्या लेकीनं अथांग सागरात नाव वल्हवून..."

मामा स्टेजवरून उतरले आणि मागच्या खांबाची दोरी सोडायला लागले.

"मामा, कार्यक्रम चालू आहे!" मी मागे धावलो.

"चालू द्या. नाव वल्हवली म्हने! उभी ऱ्हायती ती, उभी! हाताची कातडी सोलून निघती लेकराच्या."

पाहुण्यांच्या टकलावर कनात टेकली तसं भाषण आटोपलं. शाल मामांनी घेतलीच नाही. खरं सांगतो, माझाही संताप झाला. क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूची कुंडली पाठ असणाऱ्यांना आपल्या गावच्या पोरीच्या खेळाचं नाव विचारून घेता येत नाही?

"मामा, शर्यत दुपारी लाईव्ह दाखवतात, तेव्हाच येत जा ना," असं मी कितीदा म्हणालो. उत्तर ठरलेलं, "दुपारचा धंद्याचा टाइम." लग्नसराई नसतानाही तेच.

सीझनची शेवटची शर्यत मी दुकानात एकटाच लाईव्ह पाहत बसलो. समुद्रावर वारा पिसाळला होता. सुजाता दुसरी होती. वळणावर मागून एकीची फळी तिच्यावर आदळली आणि सुजाता शिडासकट पाण्यात गेली. कॅमेरा पुढच्या पोरींबरोबर निघून गेला. मी उभाच राहिलो. बऱ्याच वेळानं फेसातून तिचं शीड वर आलं. सगळ्यांत शेवटी का होईना, शर्यत पुरी करून ती वाळूवर आली. आणि धडक देणारीला साधी ताकीदही नाही! माझंच डोकं फिरलं. मोबाईल घेऊन मी गोडाऊनकडे पळालो.

मामा घडी घातलेल्या कनाती उलगडत होते आणि पुन्हा घडी घालत होते. मला पाहताच त्यांनी हात वर केला.

"नंबर सांगू नको, डॉक्टर. पान्याभाईर आली का, तेवढंच सांग."

"आली."

"सोताच्या पायानं?"

"व्हय मामा. चालत आली."

मामा कनातींच्या ढिगावर बसले. खाली पाहत म्हणाले, "रोज तिचा मेसेज येतो, 'बाबा, भाईर आले.' त्यो आला की मंग मी तुह्याकडं येतो. आज लई येळ झाला, आलाच न्हाई." हातातली कनात बाजूला सारत म्हणाले, "एकदा भाईर आली, की मंग कोनाला बी शिव्या देता येतात."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुजाताच होती. धडक बसली, शेवटी आले, असं काहीतरी सांगत होती. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोडाऊनचे पत्रे दणाणले, "कोन आदळली? आन् पंच काय झोपले व्हते? तू काहून गप बसलीस? भांडायचं न्हाई का?"

ते ओरडत राहिले, ती तिकडे हसत राहिली. त्या सगळ्या वेळात मामांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट गच्च धरून ठेवलं होतं. फोन बंद झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.