दहा मोजेपर्यंत

प्रश्न विचारायचा आणि मनात दहा मोजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा नर्सिंग कॉलेजातल्या मॅडमना सोपं वाटलं होतं. पण त्या प्रश्न विचारत आणि पुढच्या श्वासाला उत्तरही देऊन टाकत. मुली नुसत्या लिहून घेत. आता सोमवारी समिती तास बघायला येणार होती. तिला पटलं तर नोकरी कायम, नाहीतर पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

म्हणून घरीच सराव सुरू झाला. "आई, चहा ठेवू का?" विचारून त्या गप्प उभ्या राहिल्या.

सातव्या आकड्याला सासूबाई म्हणाल्या, "रुसलीस का गं?"

"नाही हो, मोजतेय."

"मोज मग. चहा मी ठेवते."

सोमवारी समितीचे अध्यक्ष पहिल्याच बाकावर बसले. त्यांचा वैद्यकाशी संबंध औषध घेण्यापुरता. मॅडमनी प्रश्न टाकला, "रुग्ण बेशुद्ध पडलाय. आधी काय कराल?"

एक, दोन. मुली पेन उघडून तयार. उत्तर मॅडमच देणार, ही जुनी सवय. चार. पंखा कुरकुरला. मॅडमनी ओठ दाताखाली धरला. सहा. कुणाचंतरी टोपण घरंगळलं. आठव्या आकड्याला अध्यक्षांनाच राहवेना.

"पाणी पाजावं," ते म्हणाले.

सगळ्या मुलींनी माना खाली घालून ते लिहून घेतलं.

मॅडम पेचात पडल्या. चूक दाखवावी तर नोकरी जाते, न दाखवावी तर रुग्ण. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, हे खोडू का? पाणी फुप्फुसात जाईल."

"आधी हाक मारायची, श्वास बघायचा," दुसरी म्हणाली.

"मदत बोलवायची," तिसरी म्हणाली, "आणि सरांना रुग्णापाशी एकटं सोडायचं नाही."

वर्ग खळखळून हसला. मॅडम सोडून.

दुपारी मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला कायम का करावं, सांगा."

पाठ केलेलं सगळं उडून गेलं. धीर यावा म्हणून मॅडम मोजू लागल्या. पाच. अध्यक्षांनी चष्मा पुसला. सात. "म्हणजे, तुमच्या मुली बोलतात, ते दिसलंच," ते पुटपुटले. आठ. "आणि कुणाची भीड धरत नाहीत." नऊ. त्यांनी कागद ओढला.

दहा झाल्यावर मॅडमनी घसा साफ केला. "सर, उत्तर देऊ?"

"नको," सही करत अध्यक्ष म्हणाले, "मी लिहून घेतलंय."