शेषरावांनी घेतलेली ट्रायल

स्कूटरच्या बाबतीत शेषरावांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, असं खुद्द शेषरावांचंच मत होतं! वीस वर्षांपूर्वी त्यांनी गिअरची एक जुनी स्कूटर चार वर्षं चालवली होती. त्यातली अडीच वर्षं ढकलली, असं वैजयंतीबाई म्हणत. पण बायकोला यंत्रातलं काय कळतं? तेवढ्या भांडवलावर ते पारावर बसून गावाला ज्ञान वाटत. "गिअरची स्कूटर शेतकऱ्याची! पुढं ढेपीचं पोतं, मांगं बायको. बिनगिअरची मास्तरीणबाईची. मोठ्या चाकाची पोहरादेवीच्या यात्रेले. अन् बॅटरीची? थे खेळणं हाये खेळणं!"

नेमकं तेच खेळणं त्यांच्या सुनेनं, राखीनं, साठवलेल्या पैशांतून दारात आणून उभं केलं. मालेगावच्या कॉम्प्युटर क्लासवर तिला शिकवायची नोकरी लागली होती. सोमवारी दहाला हजर व्हायचं होतं, आणि एसटी गावात यायची साडेअकराला, तीही मर्जी झाली तर.

सोमवारी सकाळी पूजा झाली, चाकाखाली लिंबं ठेवली गेली. शेषराव गॉगल लावून पुढे झाले. "आधी मी ट्रायल घेतो. गाडी नापास झाली, त नोकरीचं नाव काढाचं नाही!"

राखीचा चेहरा एवढासा झाला. "मामाजी, दोन गोष्टी सांगू का?"

"तू मले सांगतं?"

त्यांनी चावी फिरवली. आवाज नाही! "पेट्रोल चढलं नाही," म्हणत त्यांनी जुन्या सवयीनं गाडी कलती केली. मग किक शोधली. किक सापडली नाही. साइड स्टँड तेवढा लाथेनं वर गेला. "मेलेली गाडी हाये ही!" असं म्हणून त्यांनी मूठ करकचून पिळली.

मेलेली गाडी लिंबं चिरडून सुटली!

समोर उतार. शेजारच्या रूपलाचं वाळत घातलेलं सोयाबीन उधळलं, कोंबड्या छपरावर गेल्या. शेषरावांचा उजवा पाय ब्रेक शोधत फळीवर धपाधप आपटत होता. तो ब्रेक वीस वर्षांपूर्वीच्या गाडीतच राहिला होता.

"मामाजी, डावा दाबा! डावा!" राखी मागून धावत ओरडली.

"थो क्लच हाये! उतारावर क्लच दाबते का कोणी?"

या गाडीला क्लच नसतोच, डावा-उजवा दोन्ही ब्रेकच. पण तत्त्व म्हणजे तत्त्व! उजवा दाबला तर माणूस तोंडावर पडतो, हेही त्यांनीच गावाला शिकवलेलं. म्हणून त्यांनी काहीच दाबलं नाही आणि ते थेट उकिरड्यात शिरले.

"नापास!" उकिरड्यातूनच निकाल आला. "नोकरी बंद!"

गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. शेषरावांचा गुडघा मात्र भोपळ्याएवढा सुजला. दवाखाना मालेगावात. रूपलाची मोटरसायकल त्याच्या पोरानं बाजारात नेलेली. सगळे त्या नापास गाडीकडे पाहू लागले.

"अवो, बसा आता मुकाट्यानं!" वैजयंतीबाई कडाडल्या.

राखीनं बटण दाबून गाडी उकिरड्यातून उलटी बाहेर काढली. गाडी मागंही जाते, हे पाहून शेषरावांचा आ वासला तो मिटेचना. आठ किलोमीटरांत त्यांनी एकही सल्ला दिला नाही.

पावणेदहाला राखीनं त्यांना दवाखान्याच्या बाकावर बसवलं. "क्लास सुटला की न्यायले येते, मामाजी," म्हणाली आणि गेलीसुद्धा.

"काय झालं काका?" डॉक्टरांनी विचारलं.

शेषरावांनी चौफेर पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं.

"सुनेले गाडी शिकवून राह्यलो होतो."

"मग? शिकली का?"

"शिकली ना! पहिल्याच दिवशी थेट मालेगावले घेऊन आली. शिकवणारा तसा पायजे, डॉक्टर!"