पिवळा दिवा आणि माझी हवा

त्या मंगळवारी सकाळी मी एकच गोष्ट ठरवली : गाडीच्या चाकांत हवा आपली आपण भरायची. निर्णय एवढासाच. पण त्यापायी दुपारपर्यंत मी चार माणसांवर, एका गाडीवर, एका पंख्यावर आणि एका लोखंडी पंपावर ओरडलो. (पंपावर सर्वांत जास्त. उलट उत्तर न देणारा तेवढा तोच होता.)

झालं असं. आमच्या बायकोची अकरा वाजता मुलाखत होती, मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी. एकवीस वर्षं शिकवल्यावर तिच्या शाळेला अचानक साक्षात्कार झाला होता, की ही बाई शाळा चालवूही शकेल. आठवडाभर घरात नुसती तयारी चालली होती. पोळ्या लाटताना उत्तरं, कपड्यांना इस्त्री करताना उत्तरं. मुलगी प्रश्न विचारी आणि मी मध्येच काहीतरी सुचवून दोघींची बोलणी खाई. तेव्हा मुलाखतीला मीच गाडीने सोडणार, हे मी जाहीर करून टाकलं होतं. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजाही काढली होती. आवक-जावक विभागात माझ्यावाचून काही अडत नाही. पण रजेच्या अर्जात मी 'अत्यंत निकड' असं लिहिलं होतं.

साडेआठला गाडी पुसायला खाली गेलो. चावी फिरवली, तर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा. दोन्ही बाजूंनी चेपलेल्या वाटीसारखं चित्र आणि आत उद्गारचिन्ह. आता उद्गारचिन्ह हा माझा स्वतःचा प्रांत आहे. दुसऱ्या कुणी माझ्याशी उद्गारचिन्हात बोललेलं मला खपत नाही.

"कसला दिवा लागलाय?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"काही नाही! हवा कमी आहे म्हणे कुठल्यातरी चाकात."

"मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दाखवून या ना. आत्ताच उघडलंय. दहा मिनिटांचं काम."

"हवा भरायला गॅरेज? हवा! जी फुकट सगळीकडे पडलीय, ती भरायला मी माणूस लावू?"

"मग टॅक्सीने जाते मी."

"गाडी दारात असताना? मी काय मेलोय?"

यावर तिने खिडकी लावून घेतली. आमच्या संसारात खिडकी लावणं हे उत्तर असतं आणि त्याचा अर्थ 'अजून नाही' असा होतो.

माळ्यावरून पायपंप काढला. तो काढताना डोक्यावर एक जुना पंखा पडला. मी पंख्यावर ओरडलो. खाली येऊन चाकं पाहिली. चारही चाकं सारखीच दिसत होती : गोल. प्रत्येकाला एकेक लाथ मारून पाहिली. (लाथ मारून काय कळतं ते मला माहीत नाही, पण जाणकार लोक मारतात.) चारही चाकांनी सारखाच आवाज केला आणि माझ्या अंगठ्याने वेगळा.

हवा किती भरायची हा प्रश्न होता. गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. त्याची पहिली चाळीस पानं मुलांना कुठे बसवावं यावर होती. पुस्तक मागच्या सीटवर भिरकावलं. आणि मग मला टायरवरच कोरलेली बारीक अक्षरं दिसली. पुढे आकडा : एक्कावन्न. झालं! टायरनेच लिहून दिलंय म्हटल्यावर आणखी कोणाला विचारायचं? अक्षरं इंग्रजीत होती, त्यातला 'मॅक्स' हा शब्दही मी वाचला. तो मला टायर बनवणाऱ्याच्या नावाचा भाग वाटला.

डावीकडचं पुढचं चाक. पंपाचा काटा पस्तीस दाखवत होता. म्हणजे सोळा कमी! मी पाय मारायला सुरुवात केली. सुरुवातीला तो पंप खुसखुस करत हसल्यासारखा वाजत होता. पुढे पुढे तो मोठ्याने हसायला लागला, तसा मी दर पायागणिक त्याच्यावर ओरडायला लागलो. दीडशे पाय मारल्यावर काटा चव्वेचाळीसवर आणि मी घामाच्या धारांत. एक्कावन्न होईपर्यंत माझी डावी पोटरी बंड करून उठली. मग मागचं चाक, तेही एक्कावन्न. गाडीत जाऊन पाहिलं. दिवा तसाच!

"अरे भरली ना हवा!" मी डॅशबोर्डवर ओरडलो.

"बाबा, सगळी बिल्डिंग ऐकतेय," वरून मुलगी म्हणाली.

"ऐकू दे! माझी गाडी आहे!"

उजवी दोन चाकं राहिली होती. त्या बाजूला, अगदी खेटून, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची गाडी उभी असते. हे काका हवामान खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना हवामानकाका म्हणतात. त्यांची गाडी माझ्यासारखीच : तीच कंपनी, तोच राखाडी रंग. मी घेतल्यावर महिन्याभरात त्यांनी घेतली आणि वर म्हणतात, "रंग मी आधी ठरवला होता." या विषयावर आमचं दोन वर्षं पटत नाही.

त्या फटीत पंप घेऊन मी आडवा शिरलो. पहिल्याच चाकाच्या तोंडावरचं टोपण काढलं, तर ते घामेजल्या बोटांतून निसटलं आणि घरंगळत काकांच्या गाडीखाली गेलं. मी जमिनीवर झोपलो. हात घातला. खांद्यापर्यंत घातला. शर्टाला ग्रीस लागलं. हा शर्ट मी मुलाखतीला जायचं म्हणून घातला होता. (मुलाखत माझी नव्हती. तरी.) अखेर टोपण सापडलं. तोवर माझ्या रागाचा पारा असा चढला होता, की मी उठून बसलो आणि समोर जे चाक आलं त्याचंच टोपण ओरबाडून पंप लावला.

इथे वाचकांपैकी हुशार लोकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

तेहेतीसवरून एक्कावन्न. पुन्हा दोनशे पाय. मग त्याच्या मागचं चाक. मधून केव्हातरी डोक्यावर बायकोचा आवाज आला, "दहा वाजले."

"पाच मिनिटं!"

"मी निघते."

"पाच मिनिटं म्हटलं ना! तू गाडीत बस! एक शेवटचं चाक!"

ती काही बोलली नाही. मला वाटलं, ऐकलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझं ऐकलं की ती गप्प बसते, असा माझा समज होता. ती गप्प बसते तेव्हा तिने ऐकलेलं नसतं, हे मला त्या सकाळपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा पाय मारला, काटा एक्कावन्नवर आला आणि मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. समोर हवामानकाका. पायात बूट, हातात चावी.

"काय चाललंय?"

"हवा भरतोय! दिसत नाही?"

"दिसतंय. पण माझ्या गाडीत का?"

मी मागे वळून पाहिलं. मागे एक राखाडी गाडी होती. पुढे पाहिलं. पुढेही एक राखाडी गाडी होती. दोहोंपैकी जिला मी पाठ टेकवून बसलो होतो, ती माझी.

माणूस चुकला की त्याने माफी मागावी, असं आमचे वडील सांगत. पण एक्कावन्नपर्यंत पाय मारलेल्या माणसाचं काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही हाच रंग का घेतलात?" मी ओरडलो.

"मी आधी ठरवला होता!"

"आणि वर फुकट हवा मिळाली तरी तक्रार?"

"फुकट? अहो, एक्कावन्न! माझ्या गाडीला तेहेतीस लागते. हवेचा दाब मला शिकवू नका, पस्तीस वर्षं तेच केलंय मी!"

"तुमचा एकही अंदाज कधी खरा ठरला होता का?"

हे मी बोलायला नको होतं. हवामानकाकांचा चेहरा ढगाळ झाला, आणि मग गडगडाट. मीही मागे हटणारा नाही. साताठ मिनिटं आम्ही फटीत उभं राहून भांडलो. फट इतकी अरुंद होती, की हातवारे एकमेकांना लागू नयेत म्हणून आळीपाळीने करावे लागत होते. शेवटी मी साक्षीसाठी गाडीकडे वळून म्हणालो, "सांग गं यांना तूच!"

गाडीत कोणी नव्हतं.

"बाबा," वरून मुलगी म्हणाली, "आई कधीच गेली."

"कशी गेली?"

"रागावून."

दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मी गाडीत उडी मारली. तिला वाटेत गाठायचं, हाच ध्यास. गाडी बाहेर काढली, तर ती उजवीकडे ओढायला लागली. डावी बाजू टणक, उजवी मऊ; म्हैस पाण्याकडे वळावी तशी गाडी सारखी उजवीकडे वळू पाहत होती. मागून हवामानकाका. त्यांची डावी चाकं दगडासारखी झालेली. प्रत्येक खड्ड्यावर ते सीटवरून वीतभर उडत होते आणि उडाले की हॉर्न वाजवत होते. अशा गाडीने शाळा गाठणं शक्यच नव्हतं; कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत आम्ही असे वाजतगाजत पोहोचलो.

गॅरेज एक बाई चालवते. धिप्पाड, शांत, कपाळाला ऑइल. आमचं दोघांचं एकदमच सुरू झालेलं बोलणं तिने हात पुसत ऐकून घेतलं. मग माझ्या ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर बोट ठेवलं.

"काय लिहिलंय?"

"तेहेतीस," मी म्हणालो.

"टायरवर असतो तो जास्तीत जास्त दाब. त्याच्या वर गेलात तर टायरचं काही खरं नाही. दार रोज उघडता ना?"

"उघडतो! पण दार वाचायचं असतं हे कोणी सांगत नाही!"

"कोणाला विचारलं होतं?"

हवामानकाका उगाच खोकले.

तिने डावीकडची हवा सोडली. उजवं मागचं चाक हाताने फिरवलं आणि पकडीने त्यातून एक पितळी स्क्रू उपसून माझ्या तळहातावर ठेवला. स्क्रू मी लगेच ओळखला. रविवारी चपलांचं कपाट मी स्वतः जोडलं होतं (माणूस कशाला लावायचा!) आणि उरलेले चार स्क्रू 'कंपनी जास्तीचे देते' असं घरात सांगून खाली पार्किंगच्या कडेला टाकले होते.

"कुठून आला असेल हो?" काकांनी विचारलं.

"रस्त्यावर काय वाटेल ते टाकतात लोक!" मी संतापून म्हणालो. हा संताप मात्र खरा नव्हता.

पंक्चर निघालं, चारही चाकं तेहेतीस झाली. दिवा तसाच. मी तोंड उघडणार, तोच तिने आत हात घालून स्टिअरिंगच्या खालचं एक छोटं बटण दाबून धरलं. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. ते बटण माझ्या गुडघ्याजवळ दोन वर्षं होतं.

मी शाळेत पोहोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. वाटेत मी भाषण तयार केलं होतं. सुरुवातीला थोडी माफी, मग लगेच 'पण तूही पाच मिनिटं थांबू शकली असतीस'. बायको फाटकाशी उभी होती. फाइल छातीशी धरलेली, चेहरा असा की मी भाषणातलं 'पण' काढून टाकलं.

"झाली मुलाखत?"

"झाली." आणि ती हसली. "एकमताने निवड केली. पुढच्या महिन्यापासून."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी तिचा हात हातात घेतला. ग्रीस तिच्या बाहीला लागलं, तरी तिने हात सोडवून घेतला नाही.

"काय काय विचारलं?"

"बरंच. पण सगळ्यांना एक उत्तर फार आवडलं. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या हाताखाली एखादा सहकारी असा असेल, की जो कुणाचं ऐकत नाही, सगळं स्वतःच करायला जातो, सगळं बिघडवतो आणि वर दुसऱ्यांवरच ओरडतो, तर त्याच्याशी तुम्ही कशा वागाल?"

"काय हलकट प्रश्न आहे!" मी भडकलो. "असली माणसं असतात तरी का? मग? काय सांगितलंस तू?"

"म्हटलं, त्याच्याशी वाद घालत नाही. बसने येते."