निरीक्षकाचा उजवा गुडघा

"सोमवारी सकाळी सात वाजता मला माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, बशीतल्या कपातून कॉफी हवी," बायकोने शुक्रवारी संध्याकाळी बजावलं. "मशीन विकत आणा, उसनं आणा, नाहीतर आकाशातून पाडा. मला सांगू नका."

"अगं, आणतोय ना! उद्या शनिवार आहे, अख्खा दिवस आहे," बॉयलर निरीक्षक म्हणाले. ते फायलीवर वाकून बसले होते आणि त्यांचा उजवा गुडघा टेबलाखाली खालीवर होत होता. टेबलावरचे चमचे किणकिणत होते. हा गुडघा लग्नाच्या आधीपासून असाच होता. सासऱ्यांनी मुलगा बघायला आल्यावर पहिला प्रश्न विचारला होता, "यांना घाई आहे का?"

"गुडघा आवरा," बायको म्हणाली. "आणि ते पाकीट उघडलंत का?"

"वेळ आली की उघडीन."

बायकोने एक सुस्कारा सोडला आणि थर्मास विसळायला घेतला. आज तिने तो शेवटचा विसळला. तीस वर्षं ती शहराची बस चालवत होती. पहाटेची पहिली गाडी तिची, आणि पहाटेची कॉफी म्हणजे या थर्मासमधली, डेपोच्या भिंतीला टेकून उभ्याने प्यायलेली. आठ महिन्यांपूर्वी निवृत्तीची तारीख कळली तेव्हा निरीक्षकांनी वचन दिलं होतं, "पहिल्याच मोकळ्या सकाळी तुला घरची एस्प्रेसो. खरीखुरी. मशीनमधली."

वचन देऊन आठ महिने झाले आणि आता फाईल चार बोटं जाड झाली होती. तिच्यात चौदा मशीनांचा तुलनात्मक तक्ता होता. आणखी एक तक्ता 'खर्च परवडतो का' याचा होता. दिवसाला दोन कप, कोपऱ्यावरच्या दुकानातला एका कपाचा भाव, वीज, दुरुस्ती, घसारा. या हिशेबाने मशीन कधी चार वर्षांत वसूल होई, कधी अकरा वर्षांत. उत्तर निरीक्षकांच्या त्या दिवशीच्या झोपेवर अवलंबून असे. दरम्यान मशीनांचे भाव दोनदा वाढले होते, त्यामुळे तक्ता दोनदा नव्याने लिहावा लागला.

"तीस वर्षं उभ्याने प्यायले," बायको एकदा म्हणाली होती. "ते कुठल्या रकान्यात घातलंत?"

तसा रकाना नव्हता. निरीक्षकांनी तो आखायला घेतला होता, पण वर काय शीर्षक द्यावं ते सुचलं नाही.

आणि ते पाकीट. वचनानंतर दोनच आठवड्यांनी बायकोने बंद पाकीट त्यांच्या हातात ठेवलं होतं. "मशीनचं काय ते यात आहे. उघडून बघा." निरीक्षकांनी ते बोटांनी चाचपलं, त्यावर क्रमांक आणि तारीख घातली आणि फायलीच्या आतल्या बाजूला टाचलं. निर्णय व्हायच्या आधी पैशाला हात लावायचा नाही, ही त्यांची खात्यातली शिस्त. बायको मात्र दर आठवड्याला विचारायची, "पाकीट उघडलंत?" पैशांची तिला फारच काळजी दिसते, असं त्यांना वाटायचं.

शनिवारी नऊच्या ठोक्याला निरीक्षक फाईल काखोटीला मारून बाहेर पडले. अंगात रोजचाच कोट होता, कारण त्याच्या खिशात टॉर्च, आरसा, सीलची पक्कड आणि दोन लाल पाट्या असायच्या. या पाट्या म्हणजे त्यांच्या खात्याचं ब्रह्मास्त्र. बॉयलर धोक्याचा वाटला की त्याला तारेने ही पाटी बांधायची, तारेला शिशाचं सील ठोकायचं आणि निघून जायचं. 'वापरास मनाई.' मग कारखानदार कितीही मोठा असो, त्याचं धुराडं थंड.

पहिल्या दुकानातल्या मुलीने हसून स्वागत केलं. "काका, हे बघा, नऊ बार प्रेशर!"

"नऊ?" निरीक्षक एक पाऊल मागे सरले. "कापड रंगवायच्या कारखान्यातला बॉयलर सातावर चालतो, मुली. त्याला वेगळी खोली असते. तू नऊ बार ओट्यावर ठेवायला सांगतेस?"

"काका, एवढंसं तर आहे."

"एवढंसंच फुटतं."

पंपाचा दाब वेगळा आणि बॉयलरचा वेगळा, हे त्यांना तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण तीस वर्षांची सवय आधी बोलते आणि अक्कल मागून येते. त्यांनी आरसा मशीनखाली सरकवला, टॉर्च मारला, सेफ्टी व्हॉल्व्हच्या चाचणीचा दाखला मागितला. मुलीने दाखल्याऐवजी कॉफीचा कप पुढे केला.

नाही म्हणायची सोय नव्हती. चव न घेता शेरा कसा लिहायचा? त्यांनी कप संपवला, लिहिलं: 'चव बरी. आवाज संशयास्पद.' मग त्याच दुकानातल्या दुसऱ्या मशीनची चव घेतली. दाराजवळच्या फळीवर एक साधं, बुटकं मशीन होतं. त्याला एकच बटण होतं आणि दाबाचा एक काटा. तक्त्यात त्याचा क्रमांक शेवटचा होता. शेरा: 'फार साधं. काहीतरी लपवत असावं.' त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दुकानात तीन कप झाले. तिसऱ्यात चार, चौथ्यात दोन. दुपारी चारपर्यंत निरीक्षकांच्या पोटात अकरा कप एस्प्रेसो होती आणि अन्नाचा कण नव्हता. रस्ता नेहमीपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होता. मनात चौदा मशीनं एकाच वेळी बोलत होती. एका दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी तक्ता पाहिला, पण आकडे जागच्या जागी थांबेनात. सोमवार सकाळ अंगावर चालून येत होती आणि हातात मशीन नव्हतं.

शेवटी ते कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात शिरले. इथला मालक म्हणजे दाढीवाला. पंधरा वर्षं एकाच मशीनवर कॉफी काढणारा माणूस.

"तुम्हीच सांगा," निरीक्षक काउंटरला खेटून उभे राहिले. "घरी मशीन घेणं परवडतं का?"

"साहेब, गिऱ्हाइकाने घरी मशीन घ्यावं का, हे मलाच विचारताय?" दाढीवाला हसला. "बसा. कॉफी घ्या."

हा बारावा कप. तो घेता घेता त्यांची नजर दाढीवाल्याच्या मशीनच्या काट्यावर गेली आणि तिथेच खिळली. काटा एकच्या किंचित वर होता. जागा बरोबर होती, पण तो थरथरत होता.

"हा असाच थरथरतो?"

दाढीवाल्याने वाकून पाहिलं. "नाही बुवा. आजच बघतोय. आत्ताच. म्हणजे तुम्ही आलात तेव्हापासून."

शेवटचं वाक्य निरीक्षकांच्या कानात शिरलंच नाही. काटा थरथरतो म्हणजे व्हॉल्व्ह अडकतोय, व्हॉल्व्ह अडकतोय म्हणजे आज ना उद्या स्फोट, आणि दुकानात नऊ माणसं आहेत. त्यांचा हात आपोआप खिशात गेला. दाढीवाला "अहो साहेब, अहो!" म्हणेपर्यंत तार आवळली गेली, शिशाच्या सीलवर पक्कड बसली आणि लाल पाटी मशीनच्या गळ्यात लटकू लागली. गिऱ्हाइकांनी पाटी वाचली आणि कप तसेच टाकून रस्ता धरला.

"साहेब, हे काय केलंत!" दाढीवाल्याने डोक्याला हात लावला. "संध्याकाळी तीस माणसांची ऑर्डर आहे! बसच्या डेपोतल्या एक ताई रिटायर झाल्यात, त्यांचा निरोप समारंभ आहे!"

बायकोने हे तीनदा सांगितलं होतं. शनिवारी संध्याकाळी सहा, कोपऱ्यावरचं दुकान. तिन्ही वेळा ते मान डोलावून तक्त्यात घसारा मोजत होते.

"मग सोडा ना पाटी!"

"मला नाही सोडता येत." निरीक्षकांनी पक्कड खिशात घातली. "ज्याने बांधली त्याने सोडायची नाही. दुसऱ्या निरीक्षकाने तपासून सोडायची. नियम आहे."

"कुठल्या गाढवाने केला हा नियम?"

बारा वर्षांपूर्वी मसुदा निरीक्षकांनीच लिहिला होता. पाट्या सोडवायला चिरीमिरी चालते, ती बंद व्हावी म्हणून. दुसरा निरीक्षक सोमवारपर्यंत रजेवर होता आणि त्याने फोन बंद ठेवला होता. रजेवर फोन बंद ठेवायचा, हेही त्याला यांनीच शिकवलं होतं.

आता एकच मार्ग होता. मशीन विकत घ्यायचं, कुठलंही, आणि सहाच्या आत इथे आणून तीस माणसांना कॉफी पाजायची. निरीक्षक पळत सुटले. सकाळच्या पहिल्या दुकानात शिरताना फाईल दारात पडली आणि तक्ता पायपुसण्यावर पसरला. तो त्यांनी उचललासुद्धा नाही. दाराजवळच्या फळीवरचं पहिलं मशीन दोन्ही हातांनी धरून त्यांनी काउंटरवर आपटलं. ते बुटकं होतं. एक बटणवालं.

"हे द्या. आत्ता. बांधून."

"काका, नऊ बार आहे हं," मुलगी म्हणाली.

"असू दे गं!"

आणि आठ महिन्यांनी त्यांनी दारातल्या फायलीतून पाकीट ओढून काढलं आणि फाडलं.

आत पैसे नव्हते. एक पावती होती आणि चार वेळा घडी घातलेली एक चिठ्ठी. मुलीने पावती उचलून पाहिली, मग मशीनकडे पाहिलं.

"काका, ही तर आमचीच पावती. हेच मशीन. तुम्ही आठ महिन्यांपूर्वीच घेतलंय."

चिठ्ठीवर बायकोचं अक्षर होतं. 'मी मशीन घेतलं. सध्या डेपोत ठेवलंय. हे वाचलंत की सांगा, त्याच दिवशी घरी आणू.'

निरीक्षक काउंटरला धरून उभे राहिले. दर आठवड्याला ती विचारत होती, पाकीट उघडलंत का. तीस-पस्तीस वेळा तरी विचारलं असेल. आणि आपण त्यावर क्रमांक घालून ठेवला. त्यांना इतकी लाज वाटली की काउंटरवरचं मशीन तिथेच सोडून ते डेपोकडे पळाले.

डेपोतल्या ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीतून हशा ऐकू येत होता. तीस माणसं खुर्च्यांवर, बाकांवर, खिडकीत बसली होती. टेबलावर ते बुटकं मशीन वाफा सोडत होतं, बायको कप भरत होती आणि तिच्या शेजारी दाढीवाला कप विसळत होता. त्याने निरीक्षकांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"या," बायको म्हणाली. तिने दाढीवाल्याकडे बोट दाखवलं. "यांचा फोन आला होता. म्हणाले, कुणी सरकारी माणूस पाटी ठोकून गेला, हात लटलट कापत होते बिचाऱ्याचे. मी म्हटलं, ओळखीचा आहे. म्हणून सगळ्यांना इकडेच बोलावलं."

निरीक्षकांनी चिठ्ठी पुढे केली. "अगं, तू सांगायचंस ना सरळ."

"आठवड्यात उघडाल वाटलं होतं. मग म्हटलं महिन्यात. मग मीही हट्टाला पेटले." तिने हातातला कप खाली ठेवला. "मी विचारायची आणि तुम्ही मान डोलवायचात."

"चुकलं माझं," निरीक्षक म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले.

एका जाड्या ड्रायव्हरने वातावरण सावरलं. "साहेब, पण परवडलं बरं का! आम्ही कपामागे एक नाणं डब्यात टाकायचो. ताई मात्र थर्मासमधलीच प्यायच्या. पाचव्या महिन्यात मशीन वसूल. आता डब्यात जे आहे ते ताईंचं."

चार आणि अकरा वर्षांचे हिशेब निरीक्षकांच्या डोळ्यांपुढून गेले. ते मशीन जवळून बघायला टेबलाशी गेले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे, याचाही काटा थरथरतोय!"

"तुम्ही मागे सरका बघू," बायको म्हणाली.

ते मागे सरले. काटा स्थिर. पुढे आले. काटा थरथरू लागला. खोलीतल्या तीस माणसांनी एकदमच खाली, टेबलाच्या पायाला लागलेल्या त्यांच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. हसणं इतकं मोठं झालं की बाहेरच्या बसमधले प्रवासी डोकावले. सगळ्यात शेवटी दाढीवाला हसला, आणि तोही निरीक्षकांनी दोन दिवसांच्या गल्ल्याची भरपाई जागच्या जागी, तीन कोटेशनं न मागवता, खिशातून काढून दिल्यावर.

सोमवारी दुपारी दुसऱ्या निरीक्षकाने दुकानात जाऊन पाटी सोडली आणि अहवालात 'दोषाचे कारण' या रकान्यात लिहिलं: 'निरीक्षकाचा उजवा गुडघा.' खात्यात तो कागद आजही हातोहात फिरतो.

पण ती दुपारची गोष्ट. सकाळी सात वाजता निरीक्षकांनी एकच बटण दाबलं, कप भरला, बशीत ठेवला आणि बायकोसमोर आणून ठेवला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. खालून तिच्या मार्गावरची गाडी गेली, दुसरंच कुणीतरी चालवत होतं. ती वळली नाही. तिने घोट घेतला.

"कशी आहे?" निरीक्षक ओट्याशी उभे होते. "कडू झाली का? दाब कमी पडला असेल. पुढच्या वेळी मी पाण्याचं तापमान मोजून..."

"बसा."

"नाही, मी फक्त काटा बघतो."

"अहो, बसा. आठ महिने झाले, बसा आता."

ते समोरच्या खुर्चीत बसले. मग टेबलाखाली गुडघा सुरू झाला आणि तिच्या कपाची बशी किणकिणू लागली. बायकोने कप तसाच हातात धरून, टेबलाखालून आपला पाय त्यांच्या पायावर ठेवला आणि दाबून धरला. तीस वर्षं ब्रेकवर ठेवलेला पाय होता तो. बशी वाजायची थांबली, आणि निरीक्षकांनी आपलाही कप ओतून घेतला.