समाधानी ग्राहकाची गाडी

ग्रंथपालांच्या गाडीच्या इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक कामातून गेल्याने, त्याजागी नवा संगणक बसवण्यात आला. काम यशस्वी झाल्याचं गॅरेजने कळवलं. ग्रंथपाल गाडी न्यायला आले, किल्ली फिरवली. दिवे लागले, काच पुसली गेली, इंजिन मात्र ढिम्म.

तिकडे धाकटी बहीण तान्ह्या लेकीला घेऊन इस्पितळाच्या दारात उभी होती. भाचीला मामाच्याच गाडीतून घरी न्यायचं, असा शब्द त्यांनी बाळाच्या जन्माआधीच देऊन ठेवला होता.

“नवा संगणक तुमच्या किल्लीला ओळखत नाही,” काउंटरवरचा माणूस म्हणाला. “त्याच्या मते तुम्ही चोर आहात.”

“मग ओळख करून द्या की!”

“देतो ना. पण ते काम नव्या तक्रारीत येतं. आणि जुनी तक्रार बंद झाल्याशिवाय नवी घेता येत नाही.”

“मग करा बंद!”

“ती तुम्ही समाधान व्यक्त केल्यावर आपोआप होते.”

ग्रंथपालांच्या मोबाइलवर पाच रिकामे तारे उगवले. त्यांनी संतापून पहिल्यावर बोट नेलं, तसा काउंटरवाल्याचा चेहरा पडला.

“साहेब, पोटावर पाय देऊ नका. चार दिलेत तरी मला पुन्हा प्रशिक्षणाला बसवतात हो.”

भिडस्त माणूस! दिले पाचच्या पाच. वर ‘अत्युत्तम सेवा’ असंही लिहिलं, कारण काहीतरी लिहिल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं.

“आता घ्या नवी तक्रार.”

काउंटरवाल्याने पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “ग्राहक समाधानी, म्हणजे गाडी सुस्थितीत. सुस्थितीतल्या गाडीची तक्रार कशी घेणार?”

“अहो, ती सुरू होत नाहीये!”

“ते मलाही दिसतंय, साहेब. पण लिहून तुम्हीच दिलंत. आणि दुरुस्त झालेली गाडी इथे ठेवता येत नाही, तेवढी बाहेर घ्या.”

फोन वाजला. “दादा, कुठे आहेस? बाळ रडतंय रे.”

“तू... टॅक्सी कर गं.”

“बरं,” बहीण एवढंच म्हणाली. ग्रंथपालांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौघांनी मिळून ती सुस्थितीतली गाडी रस्त्यावर ढकलली. त्याच दारातून दुसरी गाडी आत आली. “गॅरेज चांगलं दिसतंय,” चालवणारा बायकोला सांगत होता, “सगळ्यांनी पाच-पाच तारे दिलेत.”

हसताय काय? तुम्ही तरी कशावरून निवडता?