चल, म्हणाले मास्तर!

"गणितात काय आहे हो! पाठ केलं की झालं!" ड्रायव्हिंग शाळेचे मास्तर पंधरा दिवस भेटेल त्याला हेच ऐकवत होते. गाडी शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण परवाना-तपासनिसाची पक्की नोकरी हवी तर गणिताचा पेपर सुटायला हवा, आणि तो दोनदा हातून निसटलेला! आज दुपारी दोनला तिसरी खेप. बायको सकाळी एवढंच म्हणाली, "या वेळी राहिलात, तर माझ्या माहेरी तुम्हीच कळवा."

दहाच्या शिकवणीला शिंपीणमावशी आल्या. पन्नाशीच्या, सांगितलेला शब्द खाली पडू न देणाऱ्या. मास्तरांनी बीजगणिताचं पुस्तक मांडीवर उघडलं, घड्याळ पाहिलं, पान उलटलं, पुन्हा घड्याळ पाहिलं.

"तुम्ही सरळ जात राहा, मावशी. मी आपला मनातल्या मनात..."

मन कसलं! चौकात लाल सिग्नलला गाडी उभी असताना ते खणखणीत पुटपुटले, "जिची किंमत बदलते ती राशी... चल!"

गाडी सुटली! दोन्हीकडून हॉर्नचा गदारोळ!

"अहो, सिग्नल लाल होता!"

"तुम्हीच म्हणालात ना, चल! तेही अहो-जाहो सोडून! मला वाटलं, चिडलात."

"तो गणितातला चल!"

"मग गणितातच ठेवा की!"

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. पण 'फल', म्हणजे फंक्शन, हा धडा अजून डोक्यात शिरत नव्हता, आणि घड्याळ काही थांबत नव्हतं. तोंड पुन्हा सुरू झालं, "डावीकडचे पाच उजवीकडे न्यायचे, की चिन्ह बदलतं..."

मावशींनी गाडी उजवीकडे नेली. चिन्हही बदललं, 'प्रवेश बंद'!

मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. दबेना! मांडीवरचं पुस्तक घसरून नेमकं त्या पेडलाखाली जाऊन बसलं होतं. गाडी थेट लाँड्रीच्या मागच्या अंगणात घुसली आणि काचेवर ओली चादर थापकन पडली.

"मधलं पेडल, मावशी! मधलं!"

"मधल्यानं पळणार नाही ना?"

"नाही हो! मधल्यानं थांबतेच! चढावर, उतारावर, केव्हाही! एका पेडलाला एकच काम!"

गाडी थांबली. चादरीआड मास्तर डोळे विस्फारून बसले.

"मावशी! एक आत, त्याला एकच बाहेर! हेच ते फल!"

"आणि हँडब्रेकनंही थांबतेच की. मग?"

"चालतं! दोघांचा परिणाम एक असला तरी चालतं. पण एकच पेडल कधी थांबवतं, कधी नाही, तर ते फल नव्हे!"

"म्हणजे तुमच्या बाजूचं पेडल फल नव्हे."

मास्तरांनी वाकून पेडलाखालचं पुस्तक ओढून काढलं.

तेवढ्यात लाँड्रीवालीनं चादर ओढली. "शिकवणी झाली असेल, तर खाली उतरा! अकरा चादरी परत धुवायच्यात!"

मास्तरांनी अकराच्या अकरा धुतल्या. दोनला दोन मिनिटं कमी असताना ओल्या बाह्यांनी ते परीक्षेच्या खोलीत पोचले. फलावर आठ गुणांचा प्रश्न होता. त्यांनी ब्रेक, क्लच, हँडब्रेक सगळं मांडलं. पास व्हायला पस्तीस हवे होते, चाळीस मिळाले!

निकालाचा कागद नाचवत ते शाळेत शिरले, तर शिंपीणमावशी मालकांसमोर बसलेल्या.

"मास्तर हुशार आहेत हो," त्या म्हणत होत्या, "पण मला आता इतिहासात नापास झालेला कोणीतरी द्या. तो बिचारा मागचंच बडबडेल. फार तर गाडी रिव्हर्समध्ये जाईल!"